‘द सीक्रेट हिस्टरी’ वाचायला घेताय? मग या चुका टाळा

डोना टार्टची ही कादंबरी मी आत्तापर्यंत कितीतरी जणांना वाचायला दिलीय आणि त्यातले बरेचसे शंभर पानांच्या आसपास अडकतात, "अगं यात काही घडतच नाहीये" म्हणून पुस्तक परत करतात, आणि मला दरवेळी वाईट वाटतं कारण अडचण पुस्तकात नसते, सुरुवातच चुकीच्या अपेक्षेने झालेली असते.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे प्रस्तावना सोडून थेट पहिल्या प्रकरणावर जाणं. तसं करू नका प्लीज! या प्रस्तावनेतच कळतं की बनी नावाचा कॉलेजातला मुलगा मेलाय आणि त्याला मारणारे त्याचेच मित्र आहेत, आपल्याला गोष्ट सांगणारा रिचर्ड पण त्यात आहे. मग पुढची सगळी पानं 'कोणी मारलं' यासाठी नाही, 'इतकी हुशार पोरं इथपर्यंत पोचली कशी' यासाठी वाचायची. आणि हो, बनीचं खरं नाव एडमंड, काही ठिकाणी ते नाव येतं, तो वेगळा कोणी नाही.

या कादंबरीला गॉथिक, म्हणजे गूढ, भीतीदायक वातावरणाची गोष्ट, म्हटलं की लोक भूत शोधत बसतात. भूत नाहीये. व्हरमाँटमधलं हॅम्पडेन नावाचं काल्पनिक कॉलेज आहे, मरणाची थंडी आहे, या मित्रांपैकी फ्रान्सिसच्या मावशीचं गावाकडचं जुनं मोठं घर आहे आणि ज्युलियन मॉरो नावाचे ग्रीकचे सर आहेत जे फक्त पाच विद्यार्थी घेतात, रिचर्ड सहावा. बाकीच्या कॉलेजशी या सहा जणांचा जवळजवळ संबंधच उरत नाही, आणि खरी भीती तिथेच आहे. सूट, फाउंटन पेन बघून काहींना हा जुना काळ वाटतो, पण तसं नाही, मुलंच जगापासून तुटलेली आहेत, त्यांच्यातल्या हेन्रीला तर माणूस चंद्रावर जाऊन आलाय हेही माहीत नसतं.

ग्रीक-लॅटिन शब्द आला की फोन उचलून शोधू नका, लय जाते. त्यापेक्षा युरिपिडीसच्या 'बॅकाय' नाटकाची गोष्ट आधी वाचून घ्या, पाच मिनिटं लागतात: पेन्थिअस राजा मद्य आणि उन्मादाचा देव डायोनिसस याच्या पूजेला विरोध करतो, मग लपून ती बघायला जातो आणि भान हरपलेली त्याची स्वतःची आईच त्याला फाडून टाकते. एवढं डोक्यात असलं की ज्युलियनचं वर्गातलं बोलणं ऐकताना अंगावर काटा येतो.

आता माझ्या मते सगळ्यात मोठी चूक, रिचर्डवर पूर्ण विश्वास ठेवणं. हा कॅलिफोर्नियातल्या प्लेनोचा, बापाचा पेट्रोल पंप, आणि श्रीमंत मुलांसमोर लाज वाटते म्हणून स्विमिंग पूल आणि संत्र्याच्या बागा असलेलं खोटं बालपण रचून सांगतो. मी तालुक्याच्या गावातून पुण्यात शिकायला आले होते त्यामुळे ती लाज मला आतून कळते आणि म्हणूनच पहिल्या वाचनात मी त्याचं सगळं खरं धरलं. दुसऱ्यांदा वाचताना दिसलं की हेन्रीला तो इतका सुंदर रंगवतो की आपल्यालाही हेन्री आवडायला लागतो, आणि मेलेल्या बनीच्या फक्त कटकटी लक्षात राहतात. रील्समध्ये डार्क अकॅडेमिया म्हणून कोट, मेणबत्त्या, जुनी पुस्तकं दाखवतात तेव्हा नेमकं हेच निसटतं, त्या देखणेपणानेच ही मुलं स्वतःला फसवतात.

शेवटचं, खून झाल्यावर पुस्तक संपलं असं समजून थांबू नका. तो साधारण मध्यावर होतो, आणि मग अवेळी बर्फ पडून प्रेत झाकलं जातं, गावभर शोध सुरू होतो आणि मारणारेच शोधणाऱ्यांत सामील होतात. त्यानंतर कनेक्टिकटमध्ये बनीच्या घरी अंत्यसंस्काराला हे सगळे जाऊन राहतात, त्याच्याच आईवडिलांच्या घरी. ती पानं रात्री उशिरा, सलग वाचा.