416001 या संख्येचे गुणधर्म वहीवर कसे शोधावेत

कोल्हापुरात शाहूपुरीच्या पत्त्याखाली 416001 हा पिनकोड लिहितात. 1972 साली पिनकोड सुरू झाले ते टपालाच्या वर्गवारीसाठी. तरी अवयव पाडण्याच्या सरावाला ही सहा अंकी संख्या उत्तम आहे.

प्रथम वर्गमूळाचा अंदाज घ्यावा. 64 ला 65 ने गुणून 4160 येतात आणि त्यापुढे 25 लिहिले की 645 चा वर्ग 416025 मिळतो. आपली संख्या त्याहून 24 ने लहान व 644 च्या वर्गाहून मोठी असल्याने ती पूर्ण वर्ग नाही, आणि मूळ अवयव शोधताना 643 च्या पुढे जाण्याची गरज नाही. तेवढ्यातही शंभराहून अधिक मूळ संख्या येतात, म्हणून एखादा अवयव सापडताच भाग देऊन संख्या लहान करून घ्यावी.

एककस्थानी 1 असल्याने 2 आणि 5 बाद होतात. अंकांची बेरीज 12 आहे, म्हणून 3 ने भाग जातो व 138667 उरतात. त्यांच्या अंकांची बेरीज 31, तेव्हा 3 पुन्हा येत नाही. 7, 11 आणि 13 यांचा गुणाकार 1001 असल्यामुळे या तिघांची परीक्षा एकदमच होते: शेवटच्या तीन अंकांतून आधीचे तीन वजा करावेत. 667 वजा 138 म्हणजे 529, आणि त्याला तिघांपैकी कोणाचाही भाग जात नाही.

इथे थोडे थांबावे. 529 हा 23 चा वर्ग आहे. एवढ्याने काही सिद्ध होत नाही, कारण 1001 ला 23 ने भाग जात नाही. पण शंका घ्यायला जागा आहे. तपासले तर 138 म्हणजे 23 × 6 आणि 667 म्हणजे 23 × 29 निघतात, म्हणजेच 138667 = 23 × 6029. ओळीने भागत बसण्यापेक्षा अशी नजर मला अधिक मोलाची वाटते.

78 चा वर्ग 6084 असल्याने 6029 साठी 17 ते 73 या पंधरा मूळ संख्याच तपासायच्या राहतात. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळता येत नाही. 41 ने भागल्यास बाकी 2 आणि 67 ने भागल्यास 66 उरते, त्यामुळे अंदाजाने भाग जातो असे मानू नये. एकानेही निःशेष भाग जात नाही, म्हणून 6029 मूळ संख्या आहे आणि 416001 = 3 × 23 × 6029.

पुढचे सोपे आहे. तिन्ही अवयव एकेकदाच येत असल्याने विभाजक 2 × 2 × 2 म्हणजे आठ. त्यांची बेरीज 4 × 24 × 6030 = 578880; त्यातून मूळची संख्या वजा केल्यास 162879 उरतात, म्हणून ही परिपूर्ण संख्या, म्हणजे स्वतःखेरीज इतर विभाजकांच्या बेरजेइतकी संख्या, नव्हे. 3 ला 4 ने भागल्यास बाकी 3 उरते आणि तो अवयव एकदाच येतो, त्यामुळे ही संख्या दोन पूर्ण वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही. वर्गांची वजाबाकी मात्र जमते: 69 आणि 6029 ही जोडी घेऊन त्यांच्या बेरजेचे व वजाबाकीचे निम्मे केले की 3049 आणि 2980 मिळतात, आणि त्यांच्या वर्गांतील फरक नेमका 416001 भरतो. विभाजकांच्या उरलेल्या तीन जोड्यांमधूनही अशीच एकेक रीत निघते.