एकादशीची भगर वैरण्याआधी

सप्ताहातल्या एकादशीला पाचशे माणसांची भगर-आमटी करायला आमच्या गावात मलाच बोलावतात. पूर्वी मी विचारायचो, "माणसं किती?" आता आधी विचारतो, "भगर कुठून आणणार?" 20 फेब्रुवारी 2024 ला लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात एकादशीचा प्रसाद खाऊन शेकडो लोक आजारी पडले, दोरीला सलाईनच्या बाटल्या टांगून उघड्यावर उपचार झाले. तेव्हापासूनचा हा प्रश्न.

भगरीला ओल लागली की बुरशी धरते आणि तिचं विष शिजवून जाईलच असं नाही. हे गळी उतरवणं सगळ्यात अवघड. "खळखळून उकळली की झालं," असं कमिटीतले काका दरवर्षी म्हणतात. म्हणून सुटी भगर नको, तयार पीठ तर नकोच. पाकीट घ्या, तारीख बघा, फोडल्यावर परातीत पसरून निवडा. कुबट वास आला किंवा गुठळ्या लागल्या तर पाकीट परत. धुऊन वापरू, हा विचारही नको. पीठ लागणारच असेल तर भगर निवडून त्याच दिवशी दळून आणा. शेंगदाण्यांतले काळपट, सुरकुतलेले, खवट दाणे काढून टाका.

पाणी टँकरचं असेल तर टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, टाकून अर्धा तास तरी थांबा.

दुसरी गोम कीर्तनात. आठला संपणार म्हणतात, संपतं दहाला. सहाला करून ठेवलेली आमटी तोवर कोमट होत बसते आणि जंतूंचं फावतं. मी नुसतं आधण ठेवतो. महाराज अभंगाच्या शेवटच्या चरणाला आले की भगर वैरतो, तीही एका पंगतीपुरतीच. दुसऱ्या पंगतीला दुसरं पातेलं. आमटीखालचा जाळ शेवटचं पान उठेपर्यंत विझवत नाही. उरलेलं द्वादशीला वाटायचं नाही, यावरून दरवर्षी वाद होतो, होऊ द्या.

बोटाला जखम असलेल्याला वाढायला घेऊ नका. जखमेतल्या जंतूंनी अन्नात सोडलेलं विषही उकळून जात नाही. गेल्या वर्षी एक पोरगा चिंधी बांधून आला, त्याला चपला सांभाळायला बसवलं. रुसला.

वाढण्याआधी भगर-आमटीची एकेक वाटी झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा, दोन दिवस. भगरीचं रिकामं पाकीटही जपा. दोघा-तिघांना एकदम उलट्या सुरू झाल्या तर वाढणं तिथंच थांबवा आणि 108 ला फोन करा. तपासायला आलेले लोक तो डबा आणि पाकिटावरचा बॅच नंबरच आधी मागतील.