जागावाटपाच्या चाचणीसाठी डिव्हाइस किती मोठे घ्यावे

फाइल सिस्टीमच्या, म्हणजे डिस्कवर फायली कुठे ठेवायच्या हे सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या, जागावाटपाची चाचणी लिहिताना १०० मेबीबाइटची (किबी, मेबी, गिबी, टेबी ही १,०२४ च्या पटीतली मापे) फाइल तयार करायची, ती लूप डिव्हाइस म्हणून, म्हणजे जणू डिस्कच असल्यासारखी, जोडायची आणि भरून पाहायची, अशी बहुतेकांची सवय असते, कारण चाचणी काही सेकंदांत उरकते. मात्र डिव्हाइसच्या आकारावर केवळ किती मावेल एवढेच अवलंबून नसते. आकार पाहून फाइल सिस्टीम स्वतःचे नियमही बदलते, आणि मग लहान डिव्हाइसवर तपासलेला कोड मोठ्या डिस्कवर त्याच वाटेने जाईल याची खात्री राहत नाही. म्हणून आकडा ठरवण्यापूर्वी, ज्या फाइल सिस्टीमची चाचणी करायची आहे तिचे नियम कोणत्या आकाराला बदलतात हे आधी कागदावर मांडावे.

लिनक्सवरील एक्स्ट४ या फाइल सिस्टीमचे उदाहरण घेऊ. ती डिस्कचे ब्लॉक नावाचे छोटे तुकडे करते आणि कोणता ब्लॉक वापरात आहे याची एकेका बिटाची नोंद बिटमॅपमध्ये ठेवते. ४ किबीबाइटच्या एका बिटमॅप ब्लॉकमध्ये ३२,७६८ बिट मावतात, त्यामुळे एक ब्लॉक ग्रुप, म्हणजे एका बिटमॅपखाली येणाऱ्या ब्लॉकांचा गट, १२८ मेबीबाइटचा होतो. म्हणजे १०० मेबीबाइटची संपूर्ण फाइल सिस्टीम एकाच ग्रुपमध्ये बसते आणि कोणता ग्रुप निवडावा हा प्रश्न वाटप करणाऱ्या कोडपुढे येतच नाही. त्यातच, ५१२ मेबीबाइटपेक्षा लहान डिव्हाइसवर एमकेई२एफएस (एक्स्ट४ तयार करणारा आदेश) च्या अनेक आवृत्त्या आपणहून १ किबीबाइटचा ब्लॉक निवडतात. तसे झाले तर ग्रुप ८ मेबीबाइटचे होतात आणि चाचणी भलत्याच रचनेवर चालते. ब्लॉकचा आकार नेहमी स्पष्टपणे द्यावा. सहसा १६ ग्रुप मिळून एक मोठा गट, म्हणजे फ्लेक्स ग्रुप, बनतो आणि तो २ गिबीबाइटचा असतो. असे चार-पाच तरी असावेत, म्हणून ८ ते १० गिबीबाइटपेक्षा कमी आकार मी घेत नाही.

एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टीममध्ये साध्या, एकाच डिस्कवर ४ टेबीबाइटपर्यंत बहुधा चारच अॅलोकेशन ग्रुप (जागावाटपाचे स्वतंत्र विभाग) असतात आणि त्यापुढे प्रत्येकी १ टेबीबाइटचे ग्रुप वाढत जातात. त्यामुळे ग्रुपांमधील स्पर्धा तपासायची असेल, तर १० गिबीबाइट आणि ३ टेबीबाइट यांत ग्रुपांच्या संख्येचा काहीच फरक नाही. ६ टेबीबाइट घेतल्यावर तो दिसतो. ३०० मेबीबाइटपेक्षा लहान फाइल सिस्टीम तयार करायला एक्सएफएस तयार करणाऱ्या एमकेएफएस आदेशाच्या नव्या आवृत्त्या नकारच देतात.

बीटीआरएफएस या तिसऱ्या फाइल सिस्टीमवर फार लहान डिव्हाइस घेण्याची चूक सर्वांत महाग पडते. तेथे जागा आधी चंकांमध्ये, म्हणजे मोठ्या तुकड्यांमध्ये, वाटली जाते: डेटाचा चंक एरवी १ गिबीबाइटचा असतो, परंतु तो एकूण जागेच्या दहाव्या भागापेक्षा मोठा होऊ दिला जात नाही. २ गिबीबाइटच्या डिव्हाइसवर म्हणूनच सुमारे २०० मेबीबाइटचे तुकडे दिसतात. सगळी जागा डेटाच्या चंकांनी व्यापली आणि मेटाडेटाला (फायलींची नावे, जागा इत्यादींच्या नोंदींना) नवा चंक मिळेना, ही सुप्रसिद्ध अडचण खऱ्या प्रमाणात पाहायची असेल, तर १० गिबीबाइटच्या वर जावे. मेटाडेटाच्या चंकाचा आकारही ५० गिबीबाइटच्या पुढे २५६ मेबीबाइटवरून १ गिबीबाइट होतो, म्हणून त्या रेषेच्या अलीकडचा आणि पलीकडचा असे दोन आकार घ्यावेत.

‘९५ टक्के भरलेले’ हे वर्णनही फसवे आहे. १ गिबीबाइटवर उरलेली जागा सुमारे ५१ मेबीबाइट असते, तर ४ टेबीबाइटवर ती २०० गिबीबाइटहून अधिक. पहिल्या वेळी अडचण खरोखर तुटवड्याची, दुसऱ्या वेळी बहुधा विखुरलेपणाची. चाचणीत टक्केवारी आणि प्रत्यक्ष बाइट हे दोन्ही लिहावेत.

आकार पूर्ण आकड्यात असण्याचा आग्रह मात्र सोडावा. बाजारातील १ टेराबाइटच्या नेहमीच्या डिस्कमध्ये १,०००,२०४,८८६,०१६ बाइट असतात. संपूर्ण डिस्कवर ४ किबीबाइटच्या ब्लॉकने एक्स्ट४ घातली, तर ७,४५२ पूर्ण ग्रुपांनंतर ३,५१० ब्लॉकांचा अर्धवट ग्रुप उरतो, आणि हिशेबातील चुका अशाच शेपटात लपतात. नेमका हाच आकार फाइलला दिला की ती स्थिती घरबसल्या मिळते.

मोठ्या आकारासाठी डिस्क विकत घेण्याची गरज नाही. ट्रंकेट आदेशाने स्पार्स फाइल, म्हणजे आकार मोठा पण आत रिकामी असलेली फाइल, तयार करावी. प्रत्यक्षात लिहिलेले ब्लॉकच तेवढे जागा घेतात. ४ किबीबाइट ब्लॉकच्या एक्स्ट४ वर एक फाइल १६ टेबीबाइटच्या पुढे जात नाही, म्हणून २० टेबीबाइटची फाइल ठेवायला एक्सएफएस वापरावी. आतील फाइल सिस्टीम भरण्यासाठी बहुतेक जागा फॉलोकेट (काही न लिहिता जागा राखणारा आदेश) वापरून राखून ठेवावी आणि शेवटचा हिस्साच खरा लिहावा. फॉलोकेट जागा सहसा सलग देते, ही सफाई वास्तवात नसते. म्हणून राखलेल्या फाइलमध्ये एकाआड एक भोके पाडून घ्यावीत, म्हणजे मधले तुकडे पुन्हा मोकळे करावेत.

स्पार्स फाइल ज्या डिस्कवर ठेवली आहे त्या खालच्या यजमान डिस्कवर पुरेशी मोकळी जागा आहे ना, हे चाचणीच्या सुरुवातीलाच तपासावे. ती संपली तर आतील फाइल सिस्टीमला ‘जागा नाही’ असा निरोप मिळत नाही, थेट इनपुट-आउटपुटची त्रुटी मिळते, आणि चाचणी अपयशी ठरूनही वाटपाबद्दल काहीच कळत नाही.