माडीचा जिना घरीच रंगवताना

आमचं घर नागपूरच्या महाल भागातलं. माडीवर जाणारा सागवानी जिना 14 पायऱ्यांचा, एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला कठडा. हा जिना मी दोनदा रंगवला. पहिल्यांदा पोळ्याच्या तोंडावर, सणाला घर लख्ख दिसावं म्हणून. रंग तीन आठवडे चिकट राहिला आणि दिवाळीपर्यंत कठड्याला फोड आले. पावसाळ्यात लाकूड ओल पितं. वरून ऑइल पेंटचा पापुद्रा बसला की ती ओल आत अडकते आणि हवा कोरडी झाली की रंगालाच ढकलून बाहेर येते. म्हणून नागपुरात हे काम दिवाळीनंतर, फेब्रुवारी संपायच्या आत करा. मे महिन्यात नकोच. पारा 45 ला टेकलेला असताना ब्रश फिरवता फिरवता रंग ओढला जातो, रेघा तशाच राहतात.

आधी दाभण घ्या आणि प्रत्येक पायरी, चौकटीचा पायथा टोचून पहा. दाभण सहज आत शिरलं तर वाळवी लागली आहे किंवा लाकूड कुजलंय, तिथे आधी सुतार बोलवा. करकरणाऱ्या फळ्या स्क्रूने आवळून घ्या.

आता घासणं. आमच्या जिन्यावर जुन्या रंगाचे चार थर होते. जुन्या रंगांत शिसं असायचं. घरगुती रंगात ते 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त नको हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासू नका आणि ब्लोलॅम्पच्या ज्योतीने जाळू तर मुळीच नका. साबणाच्या पाण्यात बुडवलेला वॉटर पेपर (ओला चालणारा घासकागद) वापरा, आधी 120 नंबर, मग 220. तोंडाला धुळीचा चांगला मास्क हवा. निघालेला गाळ झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसून काढा. लहान पोरं आणि गर्भवती बाई घरात असेल तर ते दोन दिवस त्यांना दुसरीकडे ठेवा. मी नणंदेच्या पोरीला प्रतापनगरला पाठवलं होतं. सगळा रंग उतरवायची गरज नाही. जो घट्ट बसलाय त्याची फक्त चमक मारायची, जो सुटलाय तो पत्र्याने खरवडायचा. मग दोन दिवस वाळू द्या.

उघड्या लाकडाला वूड प्रायमरचा (अस्तराच्या रंगाचा) हात द्या आणि खिळ्यांची भोकं, भेगा त्यानंतर लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरा. कोऱ्या लाकडात लांबी भरली तर लाकूड तिच्यातलं तेल पिऊन घेतं आणि ती भुगा होऊन गळते. लांबी मी घरीच मळते: चॉक पावडर आणि इतवारीच्या बाजारातून आणलेलं बॉइल्ड जवसाचं तेल, पोळीच्या कणकेइतकी मऊ. चटणीसोबत खातो ते जवसाचं तेल इथे चालत नाही, ते वाळायला फार वेळ घेतं. आणि या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आतून तापतात आणि आपोआप पेटू शकतात. अंगणात सुटी पसरून वाळवा.

चौकटी, खिडक्या, भिंतीच्या पायथ्याची पट्टी यांना फारसं काही नाही. दीड इंची ब्रश, रेषांच्या दिशेने हात, आणि चिकटपट्टी रंग ओला असतानाच काढायची. पांढरा ऑइल पेंट अंधाऱ्या जागी पिवळा पडतो, म्हणून जिन्याखालच्या भागाला मी बदामी रंग घेतला.

जिना वरून खाली येत रंगवा: आधी कठडा आणि त्याचे गज, मग उभ्या फळ्या, शेवटी पायऱ्या. पायऱ्या एक सोडून एक. विषम आकड्यांच्या आज, त्या वाळल्या की सम. रंगवलेल्या पायरीवर खडूची फुली मारता येत नाही, म्हणून बाजूच्या भिंतीवर मारा. पोरं दोन-दोन पायऱ्या टाकत जातात, पण सासूबाई 81 वर्षांच्या. त्यांची गादी पाच दिवस खाली आणली. हात पातळच द्या. हा रंग हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. जाड थराला वरून साय धरते आणि आत मऊच राहतो. दोन हातांच्या मध्ये पूर्ण 24 तास जाऊ द्या.

पायऱ्यांना नुसता चकाकता रंग देऊ नका. गुळगुळीत पायरीवरून ओल्या पायाचं म्हातारं माणूस सरळ खाली येतं. मी कन्हान नदीची रेती धुतली, उन्हात वाळवली आणि मैद्याच्या चाळणीने चाळली. पहिला हात ओला असतानाच पायरीच्या कडेच्या दोन इंचांवर ती मिठासारखी भुरभुरली. दुसऱ्या दिवशी सैल रेती ब्रशने झाडली आणि दुसरा हात वरून दिला, तेव्हा रेती पक्की बसली. चाळलेली नसेल तर अनवाणी पायाला बोचते. आधी एका रिकाम्या फळीवर करून, तळवा फिरवून पहा.

आठ दिवस जिन्यावर कुंडी, पायपुसणं, पाण्याची बादली काहीच ठेवलं नाही. नवव्या दिवशी सासूबाई मुगवड्यांचं ताट घेऊन गच्चीवर निघाल्या. चौथ्या पायरीवर थांबून कठडा सोडला, पाय दाबून पाहिला आणि म्हणाल्या, “आता धरून राहिली वो पायरी.”