ढगाळ आठवड्यात कोळंबीच्या तळ्यावर पहाटे तीनला जा

पलूस, वाळवा, मिरजेकडं क्षारपड रानात तळी काढून ज्यांनी गोड्या पाण्यातली जंबो कोळंबी सोडलीय, त्यांनी आभाळाकडं बघून वागा. दर पावसाळ्यात बघतोय, तळ्यातली कोळंबी मरते ती रोगानं कमी आणि पहाटेच्या ऑक्सिजनअभावी जास्त.

ऊन नसलं की पाण्यातलं शेवाळ दिवसा पुरेसा ऑक्सिजन तयार करत नाही, रात्री मात्र सगळेच तो वापरतात. उरलेलं खाद्य तळाशी कुजतं, आणि कोळंबी राहते तळालाच. पहाटे बॅटरी मारून काठ बघा. कोळंबी कडेला येऊन ओळीनं बसलीय, चाहूल लागूनही हलत नाही, म्हणजे गुदमरतीय. नुकती कात टाकलेली, मऊ कवचाची आधी मरते. अमावास्या-पौर्णिमेला कात जास्त पडते असं जुने पाळणारे सांगतात. त्या रात्री मी तरी जास्त जपायला सांगतो. संध्याकाळी वारा पडून चिकचिक झाली तरी तसंच.

ऑक्सिजन लिटरला 4 मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका. एकरी किमान एक एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) रात्री बारापासून ऊन पडेपर्यंत चालवा. शेतीची लाईट रात्री जाते हे ठाऊक असताना जनरेटर नाही, हीच खरी चूक. निदान डिझेल इंजिनानं तळ्यातलंच पाणी उचलून उंचावरून परत पाडा. ढगाळ दिवसांत खाद्य निम्मं करा. खाद्य तपासायला पाण्यात ठेवलेल्या चाळणीत दोन तासांनी शिल्लक दिसलं तर दुसऱ्या दिवशी बंदच.

दुकानदार ऑक्सिजनच्या गोळ्या, झिओलाईट (पाणी साफ करायची खनिज पूड), प्रोबायोटिकची (उपयोगी जिवाणूंची) पोती गळ्यात मारतो. गोळीनं घटका-दोन घटका निभते, रात्र निघत नाही. ते पैसे आधी जनरेटर आणि ऑक्सिजन तपासायच्या किटला घाला.

बाकीची कामं:
– तळ्याला शेतीचा चुना महिन्याला एकरी 80 ते 100 किलो, पाण्याचा सामू (पीएच) 8.5 च्या वर असेल तर अजिबात नको, क्षारपडीत तो बऱ्याचदा असतोच.
– लपायला कौलं, पाईपचे तुकडे, जुनी जाळी.
– शेजारच्या उसावर फवारणी असेल तर पाटाचं पाणी आत घेऊ नका. पायरेथ्रॉइड गटातली औषधं कोळंबीला फार थोडीही मारतात.
– अँटिबायोटिक नाही.
– निळ्या नांगीचे मोठे नर आधी काढा, मागची वाढतात.
– थंडी जोर धरण्याआधी तळं रिकामं. पाणी 20 अंशांखाली गेलं की वाढ थांबते.

जनरेटर असलेल्यांनी आज संध्याकाळी तो एकदा चालू करून बघा, आणि डिझेलचा कॅन तळ्यावरच ठेवा, घरी नको.