खाली कॅफे, वर फ्लॅट: बदलणाऱ्या एरियात भाड्याचं घर घेताना काय बघायचं

संभाजीनगरात सध्या रूम शोधत असाल तर तुम्हीही बघितलंच असेल, गारखेडा असो, उल्कानगरी असो नाहीतर बीड बायपासच्या आतल्या गल्ल्या, जिथं काल-परवापर्यंत किराणा आणि पिठाची गिरणी होती तिथं आता कॅफे, मोमोज, शोरमा, पिझ्झा असलं काही ना काही उघडायलंय. आणि एजंट लोक फ्लॅट दाखवायला नेतात तेव्हा किचन नंतर, आधी खालचं हॉटेल दाखवतात. "सर एरिया बघा ना, खाली उतरलं की सगळं मिळतं." आणि या एका वाक्यावर भाडं दोन हजारांनी वर जातं. जे जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडून नोकरीसाठी येऊ लागलेत आणि ज्यांना दर ११ महिन्यांनी लेकराबाळांसकट सामान उचलायचं नाहीये त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात फिट करून घ्या. कॅफे आला म्हणून भाडं वाढत नाही. कॅफेवाला आणि घरमालक दोघंही एकाच गोष्टीच्या मागं असतात, रस्ता आणि पगार. बीड बायपास रुंद झाला, पूल झाले, त्यानंतर तिथं हॉटेलं आली, आधी नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, शेंद्रा आणि बिडकीन मिळून ऑरिक या औद्योगिक शहराची १० हजार एकर जमीन आहे, जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करनं इथल्या प्रकल्पासाठी सरकारसोबत करार केला, अशा बातम्या आल्या की जागेचे भाव प्लांट सुरू व्हायची वाट बघत नाहीत. नांदेडला २००८ च्या गुरू-ता-गद्दी या शिखांच्या सोहळ्याच्या वेळी रस्ते मोठे झाले, तेव्हाही आधी रस्ता आणि मागून दुकानं असंच झालं. म्हणून घर बघायला जाताना "खाली कोणतं हॉटेल आहे" हे विचारण्याआधी "हा रस्ता पुढं कुठं जोडणार आहे, रुंदीकरणात आहे का, डीपी रोड म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता आहे का" हे विचारा. ते एजंट सांगणार नाही, कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला नाहीतर जुना किराणावाला सांगेल.

आता गल्ली बघायची कशी. एकदा संध्याकाळी नऊच्या आसपास जा, एकदा सकाळी सातला. रात्री कळतं की गाड्या कुठं लागतात, गर्दी कुठवर येते, साउंड किती आहे. सकाळी कळतं की कचरा कुठं पडतोय, ड्रेनेज कुठं तुंबलंय, आणि टँकर कोणाकडं येतोय. दुपारी जाऊ नका, दुपारी सगळ्या गल्ल्या शांत आणि छान दिसतात, आणि एजंटला नेमकी तीच वेळ सोयीची असते.

गल्लीत गेलात की वर बघू नका, खाली बघा, म्हणजे तळमजला. घराचं भाडं महिन्याचं ठोक असतं, दुकानाचं भाडं स्क्वेअर फुटावर असतं, त्यामुळं रो-हाऊसच्या मालकाला एकदा कळलं की आपला खालचा हॉल आणि पुढची ओट्याची जागा मिळून दुकान होतंय, तर तो तिथं कुटुंब ठेवत नाही. पहिला तळमजला जातो. मग वरचा मजला हॉटेलच्या पोरांना राहायला जातो नाहीतर कॉट बेसिसवर, म्हणजे एकेका खाटेचं भाडं घेऊन. मग शेजारचा मालक म्हणतो त्यानं केलं तर मी का नको. उल्कानगरीच्या बाजूला माझ्या ओळखीची एक गल्ली आहे, तिथल्या एका रो-हाऊसच्या हॉलची भिंत काढून शटर बसवलंय, जिथं बेडरूमची खिडकी होती तिथं ऑर्डर घ्यायचा काउंटर, आणि जिन्याखाली पाण्याची मोटर होती तिथं आता १९ किलोचे लाल-निळे कमर्शियल सिलेंडर उभे. त्याच जिन्यानं वरच्या मजल्यावरचं कुटुंब ये-जा करतं, म्हातारी आई आणि शाळेतली दोन लेकरं. अशा बिल्डिंगला कितीही कमी भाडं असू द्या, घेऊ नका. जिन्याखाली सिलेंडर म्हणजे बाहेर पडायचा एकमेव रस्ता सिलेंडरपाशी. खाली किचन असेल तर धुराडं कुठं काढलंय ते बघा, तुमच्या गॅलरीच्या तोंडाशी असेल तर कपडे तेलकट होणार आणि खिडकी वर्षभर बंद ठेवावी लागणार.

आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे मेस. गल्लीत पोळी-भाजीची मेस चालू आहे का ते बघा, म्हणजे घरगुती, दोन पोळ्या-भाजी-वरण-भातवाली, डबा देणारी. डब्याचा दर काकू मनाला येईल तसा वाढवू शकत नाहीत कारण खाणारी पोरं ठरावीक पगाराची असतात, वाळूजच्या कारखान्यात आठ तास उभं राहून येणारी नाहीतर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी. त्यामुळं जागेचं भाडं वाढलं की पहिली मेस बंद होते, मग इस्त्रीवाला, मग सायकल-पंक्चरवाला. मेस हा त्या एरियाच्या भाड्याचा मीटर आहे असं समजा. जिथं कॅफे पण चालू आणि मेस पण चालू, तिथं सामान्य पगारात राहता येतं. जिथं मेसचा नुसता बोर्ड उरलाय आणि खाली "दुकान भाड्याने देणे आहे" लागलंय तिथं पुढच्या वेळी तुमचा नंबर आहे, तिथं पक्क्या कागदाशिवाय पाऊल ठेवू नका. लातूरला ट्यूशन एरियात राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको, तिथं सगळं गणितच रूम आणि मेसवर चालतं.

मेसमध्ये एक वेळ जेवा पण. जेवता जेवता जे कळतं ते कुठल्याच अॅपवर नाही. कोणता मालक डिपॉझिट परत देत नाही, कोणत्या बिल्डिंगचा बोअर मार्चमध्ये आटतो, कोण दरवर्षी रूम खाली करायला लावतो, सगळं तिथं माहीत असतं. फक्त सरळ विचारा, "काकू, इथं फॅमिलीसाठी घर बघायलोय, कसं आहे?" एवढं बास होतं.

आता पाणी. मराठवाड्यात घर बघणं म्हणजे निम्मं पाणी बघणं आहे, लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं हे आपण कोणी विसरलेलो नाही. आपल्या शहराला जायकवाडीचं पाणी येतं, पण प्रत्येक भागाचा दिवस वेगळा, म्हणून "पाणी आहे ना?" असं विचारू नका, त्यावर सगळे हो म्हणतात. विचारायचं असं: नळाला किती दिवसाआड येतं, किती वेळ येतं, खाली हौद किती लिटरचा, वर टाकी किती, बोअरला एप्रिल-मे मध्ये पाणी राहतं का, टँकर लागला तर पैसे कोण देणार. आणि खाली हॉटेल असेल तर अजून एक, बोअर आणि हौद दोघांचा एकच आहे का. हॉटेलला भांडी धुवायला, फरशी धुवायला दिवसभर पाणी लागतं आणि तुम्ही संध्याकाळी ड्युटीवरून आलात की टाकी रिकामी. टँकरचा खर्च "सगळ्यांनी मिळून" असं मालक म्हणाला तर हॉटेलचा हिस्सा वेगळा धरला का ते तिथंच क्लिअर करा, तुमच्या चार बादल्या आणि त्यांच्या पन्नास बादल्या एका हिशोबात नको.

लाईटचं पण तसंच. तुमच्या फ्लॅटला महावितरणचं स्वतंत्र मीटर पाहिजे, घरगुती दराचं. मालक सब-मीटर लावून स्वतःच्या दरानं युनिट लावत असेल आणि खाली दुकान त्याच कनेक्शनवर असेल तर सरळ नाही म्हणा.

आवाजाबद्दल थोडक्यात. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर लावायला बंदी आहे आणि रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. जास्त झालं तर ११२ ला फोन करता येतो. पण रोज फोन करत बसायचं नसेल तर रात्री नऊच्या त्या चकरेतच ठरवा. सिडकोतल्या कॅनॉटमध्ये मार्केट म्हणूनच आखणी झाली, त्यामुळं तिथं गर्दी असली तरी तिला जागा आहे. घरांसाठी आखलेल्या अरुंद गल्लीत तीन कॅफे आले की पार्किंग तुमच्या गेटसमोर होणार, दुसरी जागाच नाही.

घर पसंत पडलं की भाड्याचं बोलणं. इथं लोक लाजतात, आणि तिथंच नुकसान होतं. मालक म्हणेल, "आता एरिया डेव्हलप झालाय, बघा ना किती कॅफे झालेत." शांतपणे सांगा की काका, कॅफे तुमच्या बिल्डिंगला पाणी देत नाही, मी घराचं भाडं देतोय, घराचं बोला. त्याच गल्लीतल्या, कॅफेपासून लांबच्या टोकाच्या दोन-तीन घरांचं भाडं आधीच विचारून ठेवा म्हणजे बोलायला आधार राहतो. आणि चालू भाड्यावर फार ताणू नका, पाचशे रुपयांवरून चांगलं घर घालवू नका. ताणायचं ते पुढच्या वर्षीच्या वाढीवर. "काका, आम्हाला तीन वर्षं राहायचंय, भाडं वेळेवर मिळेल, पण वाढ किती ते आत्ताच लिहून घेऊ." वर्षाला ५ टक्के लिहिलं तर १२ हजाराचे दुसऱ्या वर्षी १२,६०० आणि तिसऱ्या वर्षी १३,२३० होतात. बहुतेक मालकांना वेळेवर भाडं देणारी फॅमिली पाहिजेच असते, रिकामं घर त्यांनाही परवडत नाही.

आणि हे सगळं ११ महिन्यांच्या नोटरीवर नको. आपल्याकडं नोटरी करून मोकळं व्हायची सवय आहे, पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि रजिस्टर पाहिजे, आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची आहे. ११ महिन्यांचा असला तरी. खर्चाची भीती दाखवतात, तर हिशोबच बघा. लिव्ह अँड लायसन्सची (म्हणजे या भाडेकराराची) स्टॅम्प ड्युटी पूर्ण मुदतीच्या एकूण भाड्यावर, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून, त्या बेरजेच्या ०.२५ टक्के. वरचंच उदाहरण घ्या, तीन वर्षांचं भाडं ४,५३,९६० आणि डिपॉझिट ३० हजार असेल तर त्याचे ९ हजार, बेरीज ४,६२,९६०, ड्युटी साधारण ११६० रुपये. रजिस्ट्रेशन फी महापालिका हद्दीत १००० रुपये. दर ११ महिन्यांनी करार केला तर ती १००० ची फी दरवेळी, एजंटचं कमिशन दरवेळी, आणि भाडं वाढवायचा चान्स मालकाला दरवेळी. करार ऑनलाइन होतो, आधार आणि अंगठा लागतो, एजंट घरी मशीन घेऊन येतो.

करारात काय लिहून घ्यायचं ते नीट वाचा, मी तर म्हणेन की सही करायच्या आदल्या दिवशी ड्राफ्ट मागून घ्या आणि घरी सगळ्यांनी वाचा. लॉक-इन, म्हणजे ठरलेल्या काळाआधी करार मोडायचा नाही ही अट, दोघांनाही पाहिजे, नाहीतर नुसत्या एका महिन्याच्या नोटीसवर तुम्हाला बाहेर काढून तिथं क्लाउड किचन (नुसतं डिलिव्हरीचं हॉटेल) टाकता येतं. वार्षिक वाढ टक्क्यात. पाणी आणि टँकरचा खर्च कोणाचा. पार्किंगची जागा कोणती, ती दुकानाला देणार नाही असं स्पष्ट. डिपॉझिट किती दिवसात परत, आणि रंगाचे पैसे कापणार का. आणि खालचा मजला पुढं खाण्याच्या धंद्याला दिला तर तुम्हाला लॉक-इन न पाळता, डिपॉझिट पूर्ण घेऊन निघता येईल हे कलम, हे फार कमी लोक लिहून घेतात पण सध्याच्या दिवसात सगळ्यात कामाचं हेच आहे. मालक हे लिहायला तयार नसेल तर समजून घ्या त्याच्या डोक्यात काय चाललंय.

मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधी बोलणी सुरू करा, शेवटच्या आठवड्यात नको. मुदत संपल्यावर तसंच राहिलात तर त्याच कायद्याच्या कलम २४ नुसार मालक दुप्पट दरानं नुकसानभरपाई मागू शकतो.

विकत घ्यायचा विचार असेल तर तो वेगळा आणि मोठा विषय आहे, इथं एवढंच की रस्त्यावरच्या हॉटेलांची चमक बघून टोकन देऊ नका. सातारा-देवळाई, पडेगाव, मिटमिटा या बाजूला गुंठेवारीतली, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडलेल्या जमिनीवरची, घरं भरपूर आहेत. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करायची सोय झाली, पण ती केली आहे का याचं प्रमाणपत्र मालकानं दाखवलं पाहिजे, "होऊन जाईल" यावर लाखो रुपये देऊ नका. नवीन स्कीम ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर आणि ८ पेक्षा जास्त फ्लॅटची असेल तर महारेरा नंबर, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियामकाकडची नोंदणी, पाहिजेच.

आणि ज्या काकू, दादा घरगुती मेस चालवतात त्यांनाही हेच सांगणं आहे, तोंडी जागेवर धंदा चालवू नका. तुमचा पण करार रजिस्टर करून घ्या, तीन किंवा पाच वर्षांचा, वाढीच्या टक्क्यासकट, आणि शेड, ओटा, फरशी असा जो खर्च तुम्ही त्या जागेवर करता तो कोणाचा हे लिहून घ्या, कारण मालकानं उठवलं तर तो ओटा उचलून नेता येत नाही आणि नवीन गल्लीत गिऱ्हाईक जमायला परत वर्ष जातं. अन्नसुरक्षेचं एफएसएसएआय रजिस्ट्रेशन छोट्या धंद्यासाठी वर्षाला १०० रुपयात होतं, ते करून घ्या, म्हणजे तक्रारीची भीती घालून कोणी जागा खाली करायला लावणार नाही. मेसला जेवणाऱ्या पोरांपैकी कोणीतरी फॉर्म भरून देतंच, फक्त त्यांना म्हणा.