भाव एकाने सांगावा, निवड दुसऱ्याने करावी

घर दोघांच्या नावावर, एकाला आपला हिस्सा मोकळा करून हवाय आणि सगळं किमतीवर अडलंय. वाटपाचा दावा लावण्याआधी हे करून बघा.

१. कर, दुरुस्ती, कर्जाचे हप्ते कोणी किती भरले ते पावत्या समोर ठेवून लिहून काढा. खरी कटुता बहुतेक वेळा इथेच साठलेली असते, त्यामुळे याला दोन-तीन बैठका लागल्या तरी लागू द्या.
२. एकाने पूर्ण मालमत्तेची एकच किंमत कागदावर लिहायची. हिस्से ६०-४० असले तरी किंमत पूर्ण घराचीच, रक्कम हिश्श्याप्रमाणे.
३. त्याच किमतीच्या हिशेबाने स्वतःचा हिस्सा विकायचा की समोरच्याचा घ्यायचा, हे दुसऱ्याने ठरवायचं. आकडा लिहिणाऱ्याला आपण विकणार की घेणार हे ठाऊकच नसतं, म्हणून तो वाजवी भावच लिहितो.

मात्र एकाजवळ रोख तयार आणि दुसरा अडचणीत असेल, तर ही पद्धत त्याच्यावर अन्याय करते. पैसे उभे करायला पुरेशी मुदत आधीच लेखी ठरवा, आणि करार वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.